कॅप्पा आणि लॅम्डा

प्रतिपिंडांविषयी वाचू लागले की वर्णमालेचा दृष्टान्त लवकरच भेटतो: मोजकी अक्षरे, अगणित शब्द. भाषेच्या अध्यापकांना तो सुखावतो. आम्हां दोघांनाही सुखावला. पण शब्द जुळवला तरी वर्णमाला शाबूत राहते. बी पेशी मात्र आपली मूळ संहिताच बदलते, मधला मजकूर अनेकदा कापून टाकते. सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये बाझेल येथे उंदराच्या गर्भातील आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या अर्बुदातील डीएनए शेजारी ठेवून हेच दाखवले. १९८७ चे नोबेल त्यांना मिळाले ते या शोधमालिकेसाठी.

अस्थिमज्जेत आधी जड साखळीचे जनुक जुळते. ते जमले का, याची परीक्षा एका बदली हलक्या साखळीच्या मदतीने होते. तालमीत मुख्य नट येईपर्यंत दुसऱ्याने त्याचे संवाद म्हणावेत, तसे. मग कापणारी रॅग प्रथिने थांबतात, पेशी वाढून तिच्या अनेक प्रती होतात आणि प्रत्येक प्रत आपापली हलकी साखळी जुळवायला घेते. माणसात बहुधा आधी दुसऱ्या गुणसूत्रावरील कॅप्पाची पाळी. तिथे सुमारे ४० उपयोगी ‘व्ही’ तुकड्यांपैकी एक, ५ ‘जे’ तुकड्यांपैकी एकाला सांधायचा. तीनांपैकी साधारण दोन सांधे वाचनचौकट चुकून फुकट जातात. एक जमला, की बाकीच्या पर्यायांना बंदी. नाहीच जमला, तर बाविसाव्या गुणसूत्रावरील लॅम्डा.

आम्हांला खरे विलोभनीय वाटले ते पुनर्लेखन. जुळलेली जोडी स्वतःच्याच शरीराला चिकटू लागली, तरी पेशीला लगेच मरण नसते. रॅग पुन्हा कामाला लागतात, मागे उरलेला व्ही पुढच्या जेला सांधला जातो, पहिला खर्डा बाद. १९९३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत हे दिसले. जड साखळी बहुधा तशीच राहते. दुरुस्ती हलकीच्या वाट्याला येते. (‘हलकी’ हे विशेषण केवळ वजनाचे, एवढे ध्यानात ठेवावे.)

आम्ही या वाटेला गेलो ते एका निवृत्त ज्येष्ठ सहकाऱ्यांमुळे. त्यांना मल्टिपल मायलोमाचे निदान झाले. रक्ताच्या अहवालात मुक्त कॅप्पा कैक पटींनी वाढलेली, लॅम्डा खाली. “दोन्ही का नाही वाढल्या?” सरांनी विचारले. उत्तर वरच्या बंदीत आहे. एक पेशी सहसा एकच प्रकार घडवते. निरोगी रक्तात असंख्य पेशींच्या निवडी मिसळलेल्या असतात. एकाच पेशीची संतती माजली की तिची निवड साऱ्या रक्तावर उमटते आणि प्रमाण ढळते. हेन्री बेन्स जोन्स यांनी १८४७-४८ मध्ये वर्णन केलेले, एका रुग्णाच्या लघवीतील चमत्कारिक प्रथिन म्हणजे हलकी साखळीच, हे सिद्ध व्हायला १९६२ उजाडावे लागले.

सर आता प्रत्येक तपासणीचे दोन्ही आकडे वहीत उतरवतात. उपचारांनी कॅप्पा उतरते आहे. परवा लॅम्डाच्या रकान्याशेजारी त्यांनी पेन्सिलीने लिहिलेले दिसले: ‘हिचीही चौकशी करीत जावी.’