दोष गावाचा नव्हता

दिवाळीच्या सुट्टीत पिंपळगाव राजाला गेलो तेव्हा प्रोजेक्टही सोबत होताच. एकच मोठं गणित पुण्याला आपल्या लॅबमधल्या ८ मशीन्सवर वाटून द्यायचं, म्हणजे पॅरलल कॉम्प्युटिंग. घरून एसएसएचने जोडायचं आणि काम सोडायचं, एवढा साधा बेत! पण कमांड दिली की पासवर्ड विचारायलाच २५ सेकंद. आठही मशीन्स एकामागून एक जोडायच्या, म्हणजे तीन मिनिटं गेली. गणित मात्र ४० सेकंदांचं.

पार्टनरला फोन केला. तो हसला, "अरे, तुझ्या गावात रेंज तरी येते का?" मलाही ते पटलं आणि उगाच लाज वाटली. गच्चीवर गेलो, सिम बदललं. फरक शून्य!

बाबा बघत होते. म्हणाले, "मोटर पानी फेकत नसन त आधी फुटवॉल पाहा लागते. विहिरीले कायले शिव्या देतं?"

मग मुकाट्याने मोजायला बसलो. पिंग केलं, ६० मिलिसेकंद. म्हणजे लाइन ठीक. अंतराचं म्हणाल तर प्रकाश फायबरमधून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. ४०० किलोमीटरवरच्या पुण्याला जाऊन यायला त्याला ४ मिलिसेकंद पुरतात. शेवटी लॅबच्या एका मशीनवरून शेजारच्याच मशीनवर लॉगिन केलं. पुन्हा २५ सेकंद! दोन्ही एकाच टेबलावर. गाव निर्दोष सुटलं.

भानगड अशी होती. जुन्या लिनक्सवरचा एसएसएच सर्व्हर येणाऱ्याचा आयपी पत्ता घेऊन डीएनएसला त्याचं नाव विचारतो. आमच्या मशीन्समध्ये कधीच बंद पडलेल्या डीएनएसचा पत्ता होता. उत्तर येईना, आणि वाट पाहून थकल्याशिवाय हा पठ्ठ्या दार उघडेना! ओपनएसएसएचमध्ये २०१५ पासून ही चौकशी मुळातच बंद असते. लॅबच्या सरांना फोन केला. त्यांनी 'यूज डीएनएस'पुढे 'नो' लिहिलं, मेलेला पत्ता काढला. आठही मशीन्स १० सेकंदांत जोडल्या गेल्या.

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच सांगून ठेवलंय, कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो मशीन्स वाढवून कमी होत नाही. आमचा तो भाग दारातच अडकला होता.

आणि हो, पुण्यात १९९१ मध्ये 'परम ८०००' ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला, ते विजय भटकर आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. तेव्हा मित्रांनो, कुणाच्या गावाला हसण्याआधी एकदा पिंग करून बघा!