आजोबांचे पंधरा दिवस

१४ ऑक्टोबर हा धम्मदीक्षेचा दिवस आणि दुसऱ्याच दिवशी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांची जयंती. आपल्या शाळेत हे दोन्ही दिवस जोडून साजरे होतात. इतिहासाचा शिक्षक म्हणून दादासाहेबांवर बोलण्याचे काम बहुधा माझ्याकडे येते. काही वर्षांपूर्वीच्या जयंतीला मी भाषणाच्या ओघात सांगून गेलो की, दादासाहेबांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात माझे आजोबा तुरुंगात गेले होते. टाळ्या झाल्या. मग धडगावकडचा सातवीतला एक पावरा विद्यार्थी उठला आणि त्याने विचारले, "सर, मग तुमच्या आजोबांना जमीन मिळाली का?"

मी "नाही" म्हणालो आणि खाली बसलो. स्मरणिकेच्या निमित्ताने ते अर्धे राहिलेले उत्तर पूर्ण करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १९०२ सालचा, नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची प्रत्यक्ष बांधणी त्यांनी केली. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे आज ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत. मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेब त्यांना समजावतात की, मंदिरप्रवेश हे साध्य नव्हते, आपल्या माणसांना स्वतःच्या स्थितीची जाणीव करून देणे हे साध्य होते. माझ्या मते दादासाहेबांचे पुढील सारे राजकारण या एका धड्यावर उभे आहे. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधानसभेत गेले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली, त्यात ते अग्रभागी होते. १९६२ ते १९६८ ते राज्यसभेत होते. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

पदांची ही यादी विद्यार्थी पाठ करतात. आजोबांना मात्र यातले एकही पद ठाऊक नव्हते. त्यांना 'दादासाहेब' ठाऊक होते आणि 'जमीन' ठाऊक होती.

आजोबा शहादे तालुक्यात सालदार होते. आखाजीला साल ठरायचे आणि पुढच्या आखाजीपर्यंत माणूस मालकाचा. आपला भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये झाला. दादासाहेबांनी १९५९ मध्ये खानदेश आणि मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला होता. पुढे ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, देशभरचा सत्याग्रह सुरू झाला. दोन महिन्यांत तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. त्यांत माझे आजोबा एक. गावच्या गायरानात निळा झेंडा रोवला म्हणून त्यांना अटक झाली आणि पंधरा दिवस धुळ्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. परतले तेव्हा त्यांच्या जागी दुसरा सालदार लागला होता. ते वर्ष घराने कसे काढले, हे आजी कधी सांगत नसे. मुलांच्या ताटातली भाकरी मोजण्याची तिची सवय मात्र शेवटपर्यंत गेली नाही.

माझे वडील दादासाहेबांवर नाराज होते. १९६७ च्या जिल्हा परिषद निवडणुकांत दादासाहेबांच्या गटाने काँग्रेसशी युती केली, ती त्यांना कधीच पटली नाही. "ज्यांनी बाबांना तुरुंगात टाकले, त्यांच्याच शेजारी खुर्ची कशी मांडली?" असे ते विचारीत. पक्षात गट पडत गेले, ही वस्तुस्थिती आहे. जयंतीच्या भाषणात आपण ती वगळतो. एम.ए. करताना मीही वडिलांच्याच बाजूचा होतो. आजही ती युती मला चूकच वाटते.

परंतु १९६४ च्या मागण्यांचा मसुदा वाचला तेव्हा माझ्या निर्णयाला धक्का बसला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपुढे ठेवलेल्या त्या मागण्यांत पडीक जमीन भूमिहीनांना द्या, कसणाऱ्याला जमीन द्या, किमान वेतन कायदा अमलात आणा, धान्याचे भाव आवरा, झोपडपट्टीवासीयांची स्थिती सुधारा, असे सगळे होते. ते एका जातीचे मागणीपत्र नव्हते. त्यात बौद्धांना सवलती द्या आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, याही मागण्या होत्या. या दोन्ही १९९० मध्ये पूर्ण झाल्या. केंद्राच्या सवलती बौद्धांना लागू झाल्यावर माझा धाकटा भाऊ रेल्वेत लागला आणि आमच्या घरात प्रथमच दरमहा ठरलेल्या तारखेला पगार आला. आजोबा चार वर्षांपूर्वीच गेले होते. त्यांच्या पंधरा दिवसांचे काहीच झाले नाही, असे मी आता म्हणू शकत नाही.

जमिनीची मागणी मात्र राहिली. २००४ मध्ये राज्य शासनाने दादासाहेबांच्या नावाने सबलीकरण व स्वाभिमान योजना आणली. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन, अशी ती योजना. पण ही जमीन विकत घेऊन द्यायची असते, म्हणजे विकणारा मिळाला तरच देणे शक्य. ज्या गायरानासाठी माणसे तुरुंगात गेली, तो प्रश्न बाजूलाच राहिला.

आणखी एक गोष्ट मी उशिरा शिकलो. दादासाहेबांच्या निधनानंतर महिन्याभरात, जानेवारी १९७२ मध्ये, शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. अंबरसिंग महाराजांच्या मागे उभे राहिलेले भिल्ल बांधव हातून गेलेली जमीन परत मागत होते. आजोबांचे गायरान आणि त्यांची शेते एकाच शिवारातली, मागणे एकच. आम्ही मात्र दोन वेगळ्या इतिहासांसारखे ते शिकत आणि शिकवत आलो.

त्या पावरा विद्यार्थ्याला मी दुसऱ्या दिवशी बोलावले. "जमिनीचे का विचारलेस?" तो म्हणाला, "आमचा वनदावा पडून आहे, सर. वडील तालुक्याला जाऊन जाऊन थकले." २००६ चा वनहक्क कायदा त्याला पाठ नव्हता, पण दाव्यासोबत कोणती कागदपत्रे जोडली आहेत हे त्याला पक्के ठाऊक होते.

त्याला मी जे सांगितले तेच येथे लिहितो. माझ्या आजोबांना जमीन मिळाली नाही. ज्या माणसाच्या शब्दावर ते तुरुंगात गेले, त्या माणसाच्या हातून चुकाही झाल्या. पण सालदाराने मालकाखेरीज आणखी कोणाकडे, थेट देशाकडे, काही मागायचे असते, हे त्यांना त्याच माणसाने शिकवले. ते मागणे अजून संपलेले नाही.

तेव्हापासून १५ ऑक्टोबरला मी एकटा बोलत नाही. ज्यांच्या घरी जमिनीचा अर्ज, दावा किंवा खटला चालू आहे, ती मुले उभी राहून आपापली हकिकत सांगतात. गेल्या वर्षी बोलणारी मुले इतकी निघाली की, कार्यक्रम जेवणाच्या घंटेपलीकडे गेला.

जय भीम.