घाटाची गाडी

२००९ साली घेतलेल्या आमच्या छोट्या डिझेल गाडीने पुणे-चिपळूणच्या मासिक फेऱ्यांत तेल आणि फिल्टर यांपलीकडे काही मागितले नाही. आई गेल्यावर चिपळूण सुटले. उरली मंडईपर्यंतची ये-जा. मग काळा धूर येऊ लागला, आणि वर्षात दोनदा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने तुंबला. एवढ्याशा अंतरात डिझेल इंजिन पुरते तापतच नाही, काजळी आतच साचते. (विकताना हे कोणी सांगत नाही!) मेकॅनिक म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे, काका. तिला घाट दाखवा."

२०२४ मध्ये नोंदणीची १५ वर्षे संपली. ५,००० रुपये शुल्क भरून मी ती आणखी ५ वर्षे वाढवून घेतली. मुलाने हिशेब विचारला. तो मला देता आला नाही. पुढच्या रविवारी चिपळूणचे कुलूपबंद घर पाहून आलो. परतताना कुंभार्ली चढून होईतो धूर विरळ झाला होता.