काकाजींचा 'इंडिया अब्रॉड'

आमच्या सेमाडोहला पेपर यायचा तो परतवाड्याहून, एसटीने, दुपार उलटल्यावर. त्यामुळे शिळ्या बातम्यांची घरात सगळ्यांनाच सवय. पण दोन-तीन वर्षांनी काकाजी अमेरिकेहून आले, की त्यांच्या सुटकेसमधून त्याहून शिळे पेपर निघायचे, काचेच्या बरण्यांना गुंडाळलेले. बरण्या आई घ्यायची, पेपर मी. 'इंडिया अब्रॉड'शी माझी ओळख अशी झाली.

हे इंग्रजी साप्ताहिक गोपाल राजू यांनी १९७० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलं. १९६५ मध्ये अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा बदलला होता आणि आपल्याकडून डॉक्टर-इंजिनियरांची रीघ लागली होती. काकाजी त्यातलेच, १९७४ साली गेलेले. ते सांगतात, तिकडच्या पेपरात भारत यायचा तो पूर आला तर किंवा दंगल झाली तर. फोन परवडायचा नाही आणि पत्राला पंधरा दिवस. पंजाबी, तेलुगू, मराठी अशा सगळ्यांना कळेल अशी भाषा एकच, ती म्हणजे इंग्रजी. (मराठीसाठी 'एकता' होतं, पण निवडणुकीचा निकाल काही त्रैमासिकात वाचत नाहीत!) पुढे राजूंनी बातम्यांसाठी स्वतःची वृत्तसंस्थाही काढली, तीच नंतरची आयएएनएस.

मी मात्र आधी लग्नाच्या जाहिराती वाचायचो. मुलगा न्यू जर्सीचा, अट पोटजातीची! देश सोडताना माणूस नेमकं काय बरोबर नेतो, ते त्या पानावर स्वच्छ दिसायचं.

२००१ मध्ये हा पेपर रेडिफने विकत घेतला आणि 'पर्सन ऑफ द इयर' निवडायला सुरुवात केली. २००२ सालच्या मानकरी स्वाती दांडेकर, मूळच्या नागपूरच्या. आयोवाच्या विधानसभेवर निवडून आलेल्या. भारतात वाढलेली बाई इथल्या लोकांचं प्रतिनिधित्व कसं करणार, असा सूर त्यांच्या विरोधी उमेदवाराने ईमेलमधून लावला होता, तरी त्या जिंकल्या. तो अंक काकाजींनी अजून जपून ठेवलाय. "आपल्या नागपूरची पोरगी हाय बापू," हे मी फोनवर निदान दहादा ऐकलं असेल. अठ्ठावीस वर्षं तिथे राहून त्यांनाही तोच प्रश्न कोणीतरी विचारला असणार. त्याबद्दल ते बोलत नाहीत.

गंमत म्हणजे असाच एक पेपर आपल्याकडेही होता, उलट्या दिशेचा. ३ नोव्हेंबर १८३८ रोजी मुंबईत 'बॉम्बे टाइम्स' निघाला, तो परमुलखात आलेल्या इंग्रजांसाठी. तेही बोटीतून येणाऱ्या विलायतेच्या डाकेकडे असेच डोळे लावून बसायचे. १८६१ मध्ये त्याचा 'टाइम्स ऑफ इंडिया' झाला. इंग्रज गेले, पेपर राहिला, कारण तोवर तो आपणच वाचायला लागलो होतो. 'इंडिया अब्रॉड'चं तसं झालं नाही. तिथली पुढची पिढी अमेरिकन झाली. माझ्या दोन्ही चुलत भावंडांनी तो कधी उघडला नाही, आणि काकाजींना याचं दुःख आहे की अभिमान, ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक दोन्ही. बाकी बातम्या तोवर इंटरनेटवर फुकट मिळत होत्याच.

२०१६ मध्ये पेपर पुन्हा विकला गेला आणि मार्च २०२० मध्ये छापील अंक थांबला. नेमका लॉकडाऊन. काकी जाऊन वर्ष झालेलं, मुलं दुसऱ्या राज्यांत, काकाजी घरात एकटे. मी म्हटलं, "काकाजी, मोबाईलवर वाचा ना आता."

"वाचून राह्यलो ना बापू, सारंच वाचून राह्यलो. दिवसभर तेच करतो." मग थोडं थांबून म्हणाले, "पण शुक्रवार समजत नाही आता. पेपर आला की शुक्रवार समजे."

हल्ली मी दर शुक्रवारी फोन करतो. आमची रेंज मध्येच तुटते, मग परत लावायचा. पावसाळ्यात ते आधी सिपनेला पाणी किती आलं ते विचारतात, आणि मग त्यांच्याकडच्या बातम्या सांगतात.