झागोर्येतले नांदते वाडे

उन्हाळा लागला की भारतातून पाहुणे यायला लागतात आणि त्यांना क्रोएशियाच्या झागोर्ये भागातला त्राकोश्चान किल्ला दाखवायचं काम माझ्याकडे येतं. तळ्याकाठी फोटो होतात, कॉफी होते, आणि झाग्रेबकडे परत निघताना गाडीत कुणीतरी म्हणतंच, "चला, क्रोएशियातला मध्ययुगीन किल्ला बघून झाला." हे वाक्य मला टोचतं. कुणाचा उत्साह मोडायचा नाही म्हणून मी त्या वेळी गप्प बसते. आज सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या पाहुण्यांना निघण्याआधीच हा मजकूर पाठवता येईल.

त्राकोश्चान जुना आहेच. त्याची पहिली नोंद १३३४ सालची, आणि १५८४ पासून तो द्राश्कोविच घराण्याकडे होता. पण आज आपण ज्याचे फोटो काढतो तो एकोणिसाव्या शतकातला आहे. शतकाच्या मध्यावर युराय द्राश्कोविच या सेनाधिकाऱ्याने पडका किल्ला नवगॉथिक शैलीत उभा केला, भोवती बाग आखली आणि ओढा अडवून तळं केलं. तटावरचे दातेरी कठडे शोभेचे आहेत, त्यांच्याआडून कुणी लढलेलं नाही. तो काळच गेलेल्या काळाच्या प्रेमात पडलेला होता आणि त्या प्रेमाची इतकी देखणी वास्तू आसपास दुसरी नाही. आत गेलात तर युलियाना एर्देदी यांची चित्रं सावकाश बघा. या घराण्यात लग्न होऊन आलेल्या युलियानाबाई क्रोएशियाच्या पहिल्या शिक्षित स्त्री-चित्रकारांपैकी एक.

जुनं बांधकाम बघायचं असेल तर देसिनिच गावाजवळच्या वेलिकी ताबोरला चला. मधला पंचकोनी भाग आधीचा, त्याला चिकटलेले अर्धगोल बुरूज सोळाव्या शतकातले, रात्काय घराण्याच्या अमलातले. तोफा आल्या होत्या, तुर्कांची धास्ती होती, म्हणून बुरूज गोलाकार आणि बुटके. बाहेरून सगळं आडदांड. दरवाजातून आत गेलं मात्र, की मला दर वेळी पुण्या-साताऱ्याकडचा वाडा आठवतो. मधोमध चौक आणि त्याच्या भोवती मजल्यावर मजला चढवलेल्या कमानींच्या ओसऱ्या. खोल्यांची दारं ओसरीत उघडतात, त्यामुळे एका खोलीतून दुसरीत जायला तिसऱ्याच्या निजायच्या खोलीतून जावं लागत नाही. बाहेरच्या भिंतीला खिडक्या मोजक्या आणि उंचावर, घराचा सगळा उजेड चौकातून. आपल्याकडे दगडी जोत्यावर सागवानी खांब आणि महिरपी, इथे दगडी खांब. पण पाऊस पडायला लागला की चौकात भिजायचं आणि ओसरीत कोरडं राहायचं, ही सोय दोन्हीकडे सारखीच. वाराझ्दिनच्या जुन्या गढीतही असेच कमानींचे चौक आहेत. तिथेही मी नको तितका वेळ काढते आणि बरोबरची मंडळी पुढे निघून जातात.

आणि वाड्याचं म्हणाल तर, तो पडतो कधी हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. बिऱ्हाडं उठली की पहिल्या पावसाळ्यात कौलं सरकतात, कुणी ती शेकारत नाही, मग वासे कुजतात, आणि चौकात पिंपळ उगवतो. झागोर्येतही तेच. तुर्कांचं भय ओसरल्यावर सरदार डोंगरमाथे सोडून खाली आले. भिंती पातळ झाल्या, खिडक्या मोठ्या झाल्या, तटांऐवजी बागा आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर नव्या राजवटीने ही घरं ताब्यात घेतली. द्राश्कोविच त्याआधीच, १९४४ मध्ये, ऑस्ट्रियाला गेले होते. ज्या घरांना काही काम मिळालं ती टिकली. ज्यांना मिळालं नाही त्यांची छपरं बसली.

म्हणूनच "बिचाऱ्या महालाचं हॉस्पिटल केलं" अशी हळहळ मला पटत नाही. क्लेनोवनिक हा देशातला सर्वांत मोठा महाल. त्याला ३६५ खिडक्या आहेत असं सगळे सांगतात. १९२० च्या दशकात तिथे क्षयरोग्यांची सोय झाली आणि फुप्फुसांचं रुग्णालय तिथेच राहिलं. गोर्न्या बिस्त्राच्या बरोक महालात मधोमध भित्तिचित्रांचा लंबगोल दरबार आहे, आणि ती वास्तू दीर्घ आजाराच्या मुलांच्या रुग्णालयाची आहे. आत डोकावायला जाऊ नये, बाहेरून बघावं. पाळण्याशेजारी छत चित्रांचं असलं तर त्यात वाईट काय? भिंतींत खिळे ठोकले गेले, नळ गेले, हे खरं. पण गळणारं छप्पर दुसऱ्या दिवशी कुणीतरी दुरुस्त करतं, आणि त्यावरच महाल जगतो.

लोबोरबद्दल मात्र एवढं सोपं बोलता येत नाही. केग्लेविच घराण्याच्या त्या महालात १९४१-४२ मध्ये ज्यू बायका-मुलांची छळछावणी होती आणि तिथून त्यांना आउश्वित्झला नेलं. पुढे तिथे मनोरुग्णांचं निवासगृह झालं. त्या फाटकाजवळ थोडं थांबावं, फोटो काढू नयेत.

मला सर्वांत समाधान देतो तो गोर्न्या स्तुबित्साचा ओर्शिच महाल, १७५६ चा. याच परिसरात १५७३ मध्ये फ्रान्यो ताही या जमीनदाराच्या जुलमाविरुद्ध वेठीला जुंपलेले शेतकरी उठले. उठाव महिन्याभरात चिरडला, आणि त्यांचा म्होरक्या मातिया गुबेत्स याला झाग्रेबमध्ये ठार केलं. उमरावाच्या त्या घरात आता शेतकरी उठावांचं संग्रहालय आहे. ज्यांना त्या दारातून आत येता आलं नसतं त्यांचा इतिहास तिथे मांडलाय, यापेक्षा चांगला वापर मला सुचत नाही.

आता जेवणाचं, कारण आई-बाबांच्या वयाच्या पाहुण्यांबरोबर सगळी सहल यावरच ठरते. झागोर्येत सगळीकडे श्त्रुक्ली मिळतात. कणीक टेबलभर, पलीकडचं दिसेल इतकी ताणून तिच्यात ताजं चीज भरतात. त्या चिजात अंडं असतं, बहुतेक वेळा कणकेतही. शुद्ध शाकाहारी असाल तर आधी विचारा, आणि डबा बरोबर ठेवा, कारण गावातल्या खानावळीत दुसरा पर्याय बटाट्याचा किंवा कोशिंबिरीचा. अंडं चालत असेल तर भाजलेल्या मागा, वरून साय घातलेल्या. मागवल्यावर तयार व्हायला वेळ लागतो, तेव्हा पोटात कावळे ओरडायच्या आधी सांगून ठेवा. सकाळी ताबोर, दुपारी जेवण, मग स्तुबित्सा. त्राकोश्चानला दुसरा दिवस द्या, कारण तळ्याला पूर्ण फेरी मारल्याशिवाय तुम्ही परतायला तयार होणार नाही.