साठच्या स्पीडची थरथर

"तू नक्की गाडी दुरुस्त करतोयस की तिच्याशी लग्न?" असं बायकोने तिसऱ्या रविवारी विचारलं, तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते आणि खिशातला मोबाईल वाजत होता. उत्तर दिलं नाही. तसंही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर झालं असं. आमच्याकडे 1984 ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांची. नंबर लावून, वाट बघून बघून मिळालेली. त्या काळी गाडी 'घेत' नसत, 'मिळत' असे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, पुढची सीट सलग. मुंबईत या गाडीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये रजिस्टर झाली, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये काळ्यापिवळ्या पद्मिन्या रस्त्यावरून गेल्या. तेव्हा पेपरात ते फोटो बघून बाबा दिवसभर गप्प होते. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "आपलीचं पण इंजिन आता धूर मारतंय. काढून टाकू या."

मी म्हटलं, काढायची नाही. फुल इंजिन काम करू आणि तुम्हाला तिच्यातूनच वाईला नेतो. (आमचं गाव वाईच्या जवळ.) बाबा 76 वर्षांचे आहेत. शब्द देऊन बसलो.

मेस्त्री ठरलेलेच होते. नाना पेठेच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं गॅरेज आहे आणि ही गाडी ते मी चौथीत असल्यापासून बघतायत. इंजिन उतरलं, ब्लॉक बोअर झाला, नवे पिस्टन-रिंग, क्रँक ग्राइंड, नवी बेअरिंगं. पिस्टन बसवायच्या आधी मेस्त्रींनी समोरच्या सोनाराच्या काट्यावर चारही पिस्टन माझ्यादेखत तोलले. दोन ग्रॅमच्या आत सगळे. मी थक्क! आम्ही प्रॉडक्शनला कोड टाकताना एवढी काळजी घेत नाही.

माझाही हातभार होता. सुटे झालेले काही भाग मी घरी आणून घासले, पुसले, रंगवले. बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाडी सुरू झाली. पहिल्या झटक्यात. धूर नाही, आवाज गोड. बाबांना शेजारी बसवून सिंहगड रोडला एक चक्कर मारायला निघालो. पन्नासपर्यंत सगळं छान. साठच्या आसपास स्टिअरिंगचा दांडा झणझणायला लागला. मग डॅशबोर्ड, मग सीट, मग बाबांच्या चष्म्याच्या काड्या. बाबांनी काही वेळ दाराची मूठ धरून ठेवली आणि म्हणाले, "ही आपली गाडी वाटत नाही रे."

एवढंच. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

सोमवारी ऑफिसमध्ये बसून मी बग रिपोर्ट लिहितात तसं सगळं लिहून काढलं. टॉप गिअरमध्ये साठला थरथर होते. तिसऱ्या गिअरमध्ये ती बेचाळीसच्या आसपास होते. म्हणजे गाडीचा वेग वेगळा, पण इंजिनचे फेरे तेच. गाडी जागेवर उभी करून, न्यूट्रलमध्ये रेस केली तरी साधारण 2400 फेऱ्यांना थरथर आहेच. इथे चाकं, टायर, ब्रेक ड्रम, प्रॉपेलर शाफ्ट सगळे निर्दोष सुटले, कारण ते फिरतच नव्हते. गुन्हेगार इंजिनच्या आसपास आहे. अर्धा कोड कॉमेंट करून बघायचा, बग राहिला का बघायचं, मग उरलेल्याचा अर्धा. धंदा तोच आहे आपला.

आता थोडं फिजिक्स, कंटाळू नका. मिनिटाला 2400 फेरे म्हणजे सेकंदाला 40. फिरणाऱ्या भागात कुठे वजन एका बाजूला जास्त असेल तर दर फेऱ्याला एक धक्का बसतो, म्हणजे 40 हर्ट्झ. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, त्यामुळे 80 हर्ट्झ कायमच असतात. शिवाय दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, पण कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे ते एकमेकांना पूर्ण खोडत नाहीत. ती उरलेली ढकलाढकलही 80 हर्ट्झचीच. हा चार सिलिंडरच्या सरळ इंजिनाचा जन्मजात स्वभाव आहे, दोष नव्हे. आणि एखादं सिलिंडर नीट पेटत नसेल तर? त्याची पाळी दोन फेऱ्यांत एकदा येते. म्हणजे 20 हर्ट्झ.

मोबाईलमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर असतोच. एक फुकटचं अ‍ॅप टाकलं, फोन दुहेरी टेपने डॅशबोर्डला चिकटवला, मेस्त्रींचा जुना टॅकोमीटर जोडून 2400 वर इंजिन धरलं. आलेख आला. दोन सुळके, 40 ला एक आणि 20 ला एक.

वीस! मी तर टुणकन उडीच मारली. एक सिलिंडर नीट पेटत नाही, संपला विषय.

पुढचे दोन वीकेंड मी त्या 20 हर्ट्झच्या मागे घालवले. नवे प्लग, नव्या वायरी, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, कार्ब्युरेटर दोनदा खोलून साफ, टॅपेट. एकेक प्लगची वायर काढून बघितली, चारही वेळा इंजिन सारखंच बसतं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळपास एकसारखं. मेस्त्री म्हणत होते, "दादा, मिसिंग नाहीये. कानाला कळतं." मी म्हणालो, "मेस्त्री, कानाला कळत नाही ते मशीनला कळतं."

आणि मग मी ते बोललो, जे बोलायला नको होतं. गॅरेजमधल्या दोन पोरांसमोर, जरा मोठ्याने. "तुम्ही घाई केलीत. व्हॉल्व्ह नीट बसवले नसणार. हेड परत उतरवा."

मेस्त्री काही बोलले नाहीत. हात पुसले, म्हणाले, "सोमवारी उतरवतो," आणि चहाला निघून गेले. मला विचारलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

त्या रविवारी रात्री झोप येईना म्हणून आलेख परत काढले. एक फाईल चुकून 2700 फेऱ्यांची निघाली. त्यात 40 चा सुळका शिस्तीत 45 वर गेला होता. वीसचा सुळका साडेबावीसवर जायला हवा होता. तो होता दहावर.

इंजिन वाढवलं की कंप कमी व्हायला लागला? पाच मिनिटं बघत बसलो आणि मग कपाळावर हात मारला. अ‍ॅप सेकंदाला 100 नमुने घेत होतं. 100 नमुन्यांत 50 हर्ट्झपर्यंतचंच खरं दिसतं, त्याच्या वरचं दुमडून खाली येतं. 80 हर्ट्झ दिसतात 20 म्हणून (100 वजा 80), आणि 90 दिसतात 10 म्हणून. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तेच. म्हणजे मी दोन आठवडे ज्याच्यामागे धावलो तो इंजिनचा जन्मजात 80 हर्ट्झचा स्वभाव होता, खोटी दाढी लावून आलेला. खात्री करायला फोनच्या माइकवर इंजिनचा आवाज रेकॉर्ड केला. तिथे सेकंदाला 44,100 नमुने असतात. 80 ठणठणीत, 20 जवळजवळ नाहीच.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हे शिकलोय मी. परीक्षेत मार्कही मिळाले होते.

सोमवारी ऑफिसला दांडी मारून सकाळी नऊला गॅरेजवर हजर. हेडचे नट अजून सोडवले नव्हते. म्हटलं, "मेस्त्री, हेड नका उतरवू. माझं मशीन चुकलं. म्हणजे मशीन नाही, मीच." ते म्हणाले, "हं." मी पोरांसमोरच परत म्हटलं, "तुमचा कान बरोबर होता. मी तसं बोलायला नको होतं." त्यांनी पान्हा खाली ठेवला आणि एका पोराला दोन चहा सांगितले. दोन! हुश्श झालं.

मग आम्ही दोघं मिळून कामाला लागलो. आता उरला फक्त 40, म्हणजे दर फेऱ्याला एक धक्का, म्हणजे फिरणारं काहीतरी एका बाजूला जड. फॅन बेल्ट काढून मिनिटभर इंजिन चालवलं. फॅन, वॉटर पंप, डायनॅमो सगळं थांबलं, थरथर तशीच. क्लच दाबला. क्लच प्लेट आणि गिअरबॉक्स सुटे झाले, थरथर तशीच. पिस्टन तर तोललेले. उरलं काय? क्रँक, फ्लायव्हील आणि त्यावर बसणारं क्लचचं झाकण, प्रेशर प्लेट. क्लच दाबला तरी हे झाकण फ्लायव्हीलबरोबर फिरतच राहतं.

मेस्त्रींनी विचारलं, "झाकण बसवताना पंचाचे ठिपके जुळवले होते ना रे?" पोरगा म्हणाला, "ठिपका फ्लायव्हीलवर होता. झाकणावर दिसलाच नाही, म्हणून तसंच बसवलं."

मेस्त्री माझ्याकडे बघायला लागले. मी बूट बघायला लागलो.

गिअरबॉक्स उतरवला. बाल्कनीत बसून मी चकचकीत काळा रंग दिलेलं ते झाकण बाहेर आलं. मेस्त्रींनी कडेला पॉलिश पेपर फिरवला आणि रंगाच्या दोन जाड थरांखालून तो निघाला, तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका. फ्लायव्हीलवरच्या ठिपक्याच्या जवळजवळ बरोब्बर विरुद्ध बाजूला.

गोष्ट अशी होती की नव्वदच्या दशकात या गाडीचं क्लचकाम झालं तेव्हा मेस्त्रींच्या उस्तादांनी फ्लायव्हील आणि झाकण जोडीने बॅलन्स करून घेतलं होतं. झाकणाची एक बाजू थोडी जड, म्हणून फ्लायव्हीलला त्याच बाजूला भोकं पाडून वजन कमी केलेलं. एकमेकांचं उणंदुणं सांभाळून घेणारी जोडी. अर्धा फेरा फिरवून बसवल्यावर दोघांचे दोष वजा व्हायचे ते बेरीज झाले.

किती फरक पडतो? समजा मध्यापासून दहा सेंटिमीटरवर फक्त 20 ग्रॅम जास्त आहेत. 2400 फेऱ्यांना ते जवळपास 13 किलोच्या जोराने बाहेर ओढतात. हा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून 4000 फेऱ्यांना 36 किलो. आणि दिशा दर फेऱ्याला गोल फिरणारी! बाबांच्या चष्म्याच्या काड्यांचा काय दोष.

सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. सोमवारी मी 'काय काय बदललं' याची यादी केली होती. पिस्टन, रिंग, बेअरिंग, क्रँक. पण मी केलेलं रंगकाम त्या यादीत नव्हतंच. ते मी बदलात धरलंच नाही. 'मी फक्त साफसफाई केली.' आमच्याकडे हे वाक्य ऐकलं की मी स्वतः ज्युनिअर पोरांना फाडून खातो.

ठिपक्याला ठिपका लावून झाकण बसलं, संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स चढला. मेस्त्रींनी मडगार्डवर पाण्याचा ग्लास ठेवला आणि हळूहळू रेस वाढवली. पाण्यावर बारीक रेषा आल्या, सांडलं नाही. मी फोन काढला. ते म्हणाले, "बघा बघा, मशीनला पण विचारून घ्या." 40 चा सुळका शोधावा लागला.

झाकणावर त्यांनी पंचाने नवा, चांगला खोल ठिपका मारून घेतला होता. "परत रंगवलंत तरी दिसेल."

गेल्या शनिवारी वाईला जाऊन आलो. खंबाटकी घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, ट्रकच्या मागे, काचा खाली करून. सुरूर फाट्याला गाडी थांबवली आणि किल्ली बाबांच्या हातात दिली. मागची दोन वर्षं त्यांनी गाडी चालवली नव्हती. नको नको म्हणत बसले, सीट पुढे घेतली, आरसा नीट केला. साठला पोचली तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या चष्म्याकडे बघत होतो. स्थिर.

वाटलं, आता काहीतरी छान बोलतील. वाईच्या अलीकडे त्यांनी मान थोडी तिरकी केली, ऐकलं आणि म्हणाले, "एका टॅपेटचा आवाज येतोय रे. मेस्त्रींना सांग."

म्हणजे त्यांची गाडी त्यांना परत मिळाली होती.

असो. येत्या शनिवारी परत नाना पेठ. या वेळी माझ्या हातात रंगाचा डबा नसेल, एवढं नक्की.