टाकीतली मोटार

पेट्रोलच्या आताच्या गाड्यांत पंप टाकीच्या आतच असतो, हे आमच्याकडे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. पूर्वीच्या कार्बोरेटरवाल्या गाडीला तो इंजिनाच्या अंगालाच असायचा. आत रबरी पडदा. पडदा फाटला की पेट्रोल बंद. नळी सोडून स्टार्टर मारला की पिचकारी उडते का नाही ते डोळ्याने दिसायचं. ट्रॅक्टरचं त्याहून सोपं. एअर धरली की फिल्टरवरचा बोल्ट ढिला करायचा, फीड पंपाचा खटका हाताने मारायचा, बुडबुडे जाऊन नितळ डिझेल आलं की बोल्ट आवळायचा.

टाकीतला पंप दिसत नाही, नुसता ऐकू येतो. चावी ऑन केली की स्टार्टर मारायच्या आधीच मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज येतो आणि थांबतो. नळीत दाब भरला, एवढाच त्याचा अर्थ.

एका गुरुवारी संध्याकाळी तो आवाज आलाच नाही. थोरल्या भावाचं, दादांचं, मंगळवारी आणि शुक्रवारी बार्शीला डायलिसिस असतं. सकाळी सातला तिथं असावं लागतं आणि आमच्या गावची पहिली एसटी साडेसातची. पुतण्याने स्टार्टर मारून मारून बॅटरी निम्मी केली. इंजिन गरगर फिरत होतं, पण धरत नव्हतं. मिस्त्री फोनवर म्हणाला, "नाना, इंजिनाचं काम निघालं असणार. टोचन करून आणा, खोलून बघू." न बघता इंजिन खोलायची भाषा करणारा माणूस मला पटत नाही.

मी हिशोब केला तो बोअरच्या मोटारीवरून. पाणबुडी मोटार अडीचशे फूट खाली, ती तरी कुठं दिसते? पाणी आलं नाही म्हणून कुणी लगेच मोटार उपसत नाही. आधी फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. लाईट कुठपर्यंत पोचतीय आणि कुठं थांबतीय, तेवढं बघत जायचं.

काट्याचा भरवसा नको म्हणून दोन लिटर पेट्रोल ओतलं. फ्यूज काढून उजेडात धरला, तार शाबूत. आमच्या गाडीत पंपाचा आणि हॉर्नचा रिले एकसारखाच आहे, त्यांची अदलाबदल केली. हॉर्न वाजला, पंप गप्पच. मग गाडीची दारं उघडी टाकली, ओट्यावर बसलेल्या शेजाऱ्याला बिडी विझवायला लावली आणि मागची सीट उचलली. पेट्रोलच्या नळीला हात लावला नाही. तिच्यात तीन किलोच्या आसपास दाब असतो. पंपाचा कनेक्टर सोडला, त्याच्या दोन तारांवर बारा व्होल्टचा बल्ब लावला आणि पुतण्याला म्हणलं, "फिरव चावी." बल्ब दोन सेकंद पेटला आणि विझला.

लाईट टाकीच्या तोंडापर्यंत येत होती. म्हणजे मोटारच गेलेली.

कनेक्टर परत बसवला आणि टाकीच्या बुडाला लाकडी मोगरीने दोन हलके ठोके दिले. घूं झालं! गाडी सुरू. पुतण्या खूश. "उद्या असंच ठोकून नेऊ की, नाना." पण ब्रश झिजलेली मोटार ठोक्याने फिरते ती घटकाभर. माळावर बंद पडली तर तिथं काय करायचं? मी नको म्हणलं. दादा खाटेवरून ऐकत होते. "नाही जमलं तर राहू दे रे. एक खेप चुकली म्हणून काय होतंय?" काय होतं ते आम्ही मागच्या पावसाळ्यात बघितलेलं. ओढ्याला पूर आला, खेप चुकली, आणि दादांना आडवं होता येईना. उशा लावून बसवून रात्र काढली होती.

पहाटे दुधाच्या पिकअपमध्ये दादांना पुढं बसवलं. पुतण्या मागं कॅन धरून बसला. ते वेळेत पोचले.

मिस्त्रीला फोनवर सांगितलं, "पंपाला लाईट येतीय, पंप फिरत नाही. इंजिन राहू दे, पंप घेऊन ये." शनिवारी तो आला. अख्खी असेंब्ली न बदलता नुसती मोटार बदलली, हे मात्र त्याने चांगलं केलं. जुनीची जाळी गाळाने काळी पडली होती. बोअरच्या मोटारीला जसं पाणी थंड ठेवतं तसं हिला पेट्रोल थंड ठेवतं, आणि आमच्या भागात तर दोनशेचं पेट्रोल टाकून गाडी पळवायची रीत. काटा कायम तळाला. दादांना हे सगळं नीट समजून घ्यायचं होतं. त्यांनी मिस्त्रीला दोनदा विचारलं.

मंगळवारी ते गाडीत बसले आणि आधी काटा बघितला.